निवाऱ्याचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो: ठाणे-नवी मुंबईत बेघरांसाठी काम सुरू करताना

बेघरांसाठी काहीतरी करायचंय म्हणून कुणाचा फोन आला की मी आधी विचारते, चादरी वाटायच्या आहेत की निवारा चालू करून घ्यायचाय? दोन्ही कामं चांगलीच. पण चादरी एका रविवारी वाटून होतात. निवाऱ्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक उघडावं लागतं, खात्याच्या बाकावर दुपार काढावी लागते, आणि हे सगळं कंटाळवाणं आहे हे आधीच सांगून ठेवते. हा लेख त्या दुसऱ्या कामाला निघालेल्यांसाठी आहे.

नव्याने येणाऱ्यांचा समज असा असतो की निवारा नाही म्हणजे पालिकेकडे पैसा तरी नाही किंवा जागा तरी नाही. माझ्या पाहण्यात गाडी वेगळ्याच ठिकाणी अडते. बांधकामाला पैसा मिळतो, कारण तो एकदाच द्यायचा असतो आणि उद्घाटनाचा फोटो निघतो. त्यानंतर रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्या माणसाचा पगार, फिनेल, डासांची फवारणी, चादरींची धुलाई हा खर्च दर महिन्याला येतो आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. तेव्हा पुढच्या सगळ्या पायऱ्यांत डोळा एकाच गोष्टीवर ठेवा: निवारा चालवण्याच्या खर्चाला स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात स्वतःची क्रमांक असलेली ओळ, आहे का, आणि त्यातून खरोखर पैसा निघतोय का.

आधी शब्द नीट धरा

अर्जात ‘बेघर’, ‘झोपडपट्टीवासी’ आणि ‘भिकारी’ यांची खिचडी केलीत की तुमचा कागद तीन खात्यांत फिरून परत येतो. झोपडी कितीही मोडकी असली तरी जनगणनेच्या हिशेबात ते घर आहे. बेघर म्हणजे रस्त्याकडेला, पदपथावर, पुलाखाली, पाइपात, जिन्याखाली, फलाटावर किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारा. भिक्षेकऱ्यांसाठी १९५९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात पोलीस धरतात, न्यायालय भिक्षेकरी गृहात पाठवतं. निवाऱ्यात माणूस आपल्या पायाने येतो आणि आपल्या पायाने जातो. हा फरक तुम्ही विसरलात तरी पुलाखालचा माणूस विसरत नाही. पोलीस व्हॅन घेऊन ‘निवाऱ्यात चला’ म्हणायला गेलात तर पुढच्या आठवड्यात तिथे कुणी सापडणार नाही.

रात्री मोजा

पालिकेकडे सर्वेक्षण असतं. बहुतेक वेळा जुनं असतं, आणि कधीकधी ते दिवसा केलेलं असतं. दिवसा बेघर माणूस बेघर दिसतच नाही. तो नाक्यावर उभा असतो, भंगार वेचत असतो, लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासत असतो. म्हणून रात्री अकरा ते पहाटे चार या वेळात बाहेर पडा.

ठाण्यात स्टेशनचा दोन्ही बाजूंचा परिसर, सॅटिस पुलाखालची जागा, जांभळी नाक्याचा बाजार, गावदेवी, कोपरी, तीन हात नाका, पुढे नितीन कंपनी आणि कॅडबरी जंक्शनचे पूल, खाडीपलीकडे कळवा आणि मुंब्रा स्टेशन. नवी मुंबईत वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर ही स्टेशनं, सायन-पनवेल महामार्गाचे पूल आणि तुर्भ्याचा एपीएमसी म्हणजे घाऊक बाजाराचा परिसर. चौघांची टोळी पुरे, त्यात किमान एक बाई हवीच. झोपलेल्याला उठवायचं नाही. फोटो काढायचा नाही, अगदी ‘पुरावा म्हणून’सुद्धा नाही. वहीत ठिकाण, पुरुष, बायका, मुलं, म्हातारी माणसं, आजारी किंवा अपंग एवढे रकाने पुरतात. जे जागे असतील आणि बोलायला तयार असतील त्यांना दोनच प्रश्न: काम काय करता, आणि इथेच का झोपता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं. एपीएमसीत पोत्यांवर झोपणारा हमाल सांगतो की गावाकडे घर आहे, पण गाडी पहाटे लागते; उशिरा पोचलो तर काम दुसऱ्याला. त्याला तुम्ही घणसोलीला उत्तम खाट दिलीत तरी तो येणार नाही. स्टेशनबाहेरची आजी सांगते की इथे उजेड असतो, म्हणून. ही दोन वाक्यं निवाऱ्याची जागा ठरवतात, आणि जागा चुकली की रिकाम्या खाटा दाखवून पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाते.

मोजणी तीन रात्री करा: एक कामाच्या दिवसाची, एक रविवारची, आणि एक धो धो पावसाची. तिसरी सोडू नका. पावसात माणसं पदपथ सोडून दुकानांच्या पायऱ्या, एटीएमचे आडोसे, स्कायवॉक धरतात आणि आकडा पार बदलतो. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात १७.७३ लाख माणसं नोंदली गेली. फेब्रुवारीतली कोरडी रात्र होती ती. आपल्याकडच्या जुलैचं चित्र त्यात येणं शक्यच नव्हतं.

किती निवारे हवेत, याचा नियम आहे

इथे भावनेला हात घालायची गरज नाही, आकडा पुरतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात आदेश दिले: पाच लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास आणि बारा महिने उघडा. ठाणे महापालिकेची २०११ ची लोकसंख्या १८.४१ लाख, नवी मुंबईची ११.२ लाख. म्हणजे जुन्याच आकड्यांनी ठाण्यात १८ आणि नवी मुंबईत ११ निवारे. त्यानंतर आलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत एका निवाऱ्याची क्षमता ५० ते १०० माणसं आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली आहे. आपल्या शहरात आज चालू असलेले निवारे मोजा, वजाबाकी करा, अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.

एक बाजूची गोष्ट. हे आदेश निघाले ते दिल्लीतल्या कडाक्याच्या थंडीत एक निवारा पाडला गेला आणि माणसं मेली त्या पार्श्वभूमीवर. त्यामुळे ‘आपत्कालीन निवारा’ म्हटलं की अजूनही कागदांत डिसेंबर-जानेवारी आणि ब्लँकेट येतं. ठाण्याच्या माणसाला डिसेंबर म्हणजे जरा बरे दिवस. आपली आपत्ती जून ते सप्टेंबर: ओली पाठ, कुजलेले पाय, लेप्टो, डेंग्यू. अर्जात हे स्पष्ट लिहा, नाहीतर पालिका हिवाळ्यात ब्लँकेटं वाटून मोकळी होईल आणि वर तुमचे आभार मानेल.

पैशाचे खिसे

पहिला खिसा केंद्र-राज्याचा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ मध्ये सुरू झालं, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा वेगळा घटक होता. महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी सुरुवातीला केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५ टक्के, पुढे ६० आणि ४०. त्यातून बांधकाम आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती होत असे आणि चालवण्याचा खर्च पाच वर्षांपर्यंत मिळत असे. मूळ सूचनांत ५० माणसांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये धरले होते.

या ६ लाखांपाशी जरा थांबा. ५० माणसांत वाटले तर माणशी वर्षाला १२ हजार, महिन्याला एक हजार, दिवसाला साधारण ३३ रुपये. आता उलट बाजूने बघा. निवारा चोवीस तास उघडा ठेवायचा तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे तीन काळजीवाहक आणि वर एक व्यवस्थापक. चौघांना महिना प्रत्येकी साडेबारा हजार धरले तरी ५० हजार झाले, वर्षाचे ६ लाख. संपला निधी. वीज नाही, पाणी नाही, साबण नाही, जेवण तर नाहीच. आणि साडेबारा हजारांत ठाण्यात रात्रपाळीला कोण येतं, ते तुम्हीच ठरवा. चालवणाऱ्या संस्था का पळून जातात याचं उत्तर या हिशेबात आहे. हा हिशेब तुमच्या शहराच्या आजच्या दराने करून अर्जाला जोडा. अधिकारी दुसरं काही वाचत नाहीत, पण बेरीज वाचतात.

या अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ अखेर संपली. म्हणून एखाद्या टिपणीत ‘केंद्राचा निधी अपेक्षित’ असं वाक्य दिसलं तर कोणत्या योजनेतून आणि कोणत्या वर्षाचा, हे लेखी विचारा. जुनी वाक्यं फाइलमध्ये वर्षानुवर्षं तशीच पुढे चिकटवली जातात.

दुसरा खिसा महापालिकेचा स्वतःचा: मालमत्ता कर, राज्याचं जीएसटीपोटीचं अनुदान, विकास शुल्क वगैरे. खरा भरवसा याच खिशावर ठेवायचा. केंद्राचा पैसा आला तर उत्तम. नाही आला म्हणून दार बंद होता कामा नये.

तिसरा खिसा राखीव निधीचा. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी अंदाजपत्रकात प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवायचे असतात. वर्षअखेरीला दिव्यांग निधी अखर्चित राहिल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. बायकांचा स्वतंत्र निवारा, किंवा तळमजल्यावर रॅम्प आणि कमोड असलेला निवारा मागितलात तर या निधीकडे बोट दाखवता येतं.

चौथा खिसा कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी काढलेल्या पैशाचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्यांना तोटा नाही. पण त्यांच्याकडून खाटा, लॉकर, सोलर हीटर, वॉशिंग मशीन घ्या. पगार त्यांच्यावर टाकू नका. सीएसआरचा माणूस बदलला की पगार थांबतो. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी नसेल तर हा खिसा उघडतच नाही.

अंदाजपत्रकाचं पुस्तक वाचायला शिका

दोन्ही महापालिकांच्या संकेतस्थळांवर अंदाजपत्रक मिळतं. ठाण्याचं मुख्यालय पाचपाखाडीत, नवी मुंबईचं बेलापूरला पाम बीचच्या टोकाशी. छापील प्रत पाहायची असेल तर लेखा विभागात विचारा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला घाम फुटतो. फुटू द्या.

पुस्तकाचे दोन ढोबळ भाग: महसुली आणि भांडवली. इमारत भांडवलीत, चालवणं महसुलीत. तुम्हाला महसुली खर्चात समाजविकास विभागाची पानं हवीत. तिथे ‘रात्र निवारा’, ‘शहरी बेघर निवारा’, ‘बेघर/निराधार’ अशा नावांनी शोधा. नाव दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, म्हणून लेखाशीर्षाचा क्रमांक टिपून ठेवा. क्रमांक सहसा टिकतो. सापडलं की एका ओळीत आडवं वाचा: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, सुधारित तरतूद, पुढच्या वर्षाची तरतूद.

हे चार आकडे एकमेकांशी काय बोलतात ते बघा. मूळ तरतूद मोठी आणि सुधारित एकदम बारीक, म्हणजे वर्षभर कुणी फाइल हलवली नाही आणि डिसेंबरात पैसा दुसरीकडे वळवला. याला पुनर्विनियोजन म्हणतात. शब्द लक्षात ठेवा, बैठकीत उपयोगी पडतो. तरतूद एक हजार किंवा तत्सम हास्यास्पद आकड्याची असेल तर ती टोकन तरतूद: लेखाशीर्ष जिवंत ठेवलंय, पैसा नाही. याला हसू नका. शीर्ष आधीच असेल तर त्यात पैसा वाढवून घेणं सोपं जातं. नवं शीर्ष उघडायला एक अख्खं अंदाजपत्रक जातं.

मी पहिल्यांदा एका महापालिकेत हे पुस्तक घेऊन गेले तेव्हा तीन वर्षांची तरतूद दिसत होती आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात तिन्ही वर्षं शून्य. साहेब शांतपणे म्हणाले, ‘तरतूद आहे ना मॅडम, मग तक्रार कसली?’ त्या दिवसापासून मी तरतुदीबद्दल बोलणंच सोडलं. खर्च किती झाला, तेवढंच विचारते.

माहितीचा अधिकार, पण मोजून

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विहित नमुना, एक विषय, दीडशे शब्द. महाराष्ट्राच्या नियमांत ही शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहून जागा वाया घालवू नका. निवाऱ्यासाठी माझे नेहमीचे प्रश्न:

- मागील तीन आर्थिक वर्षांत बेघर निवारा लेखाशीर्षांतर्गत तरतूद, झालेला खर्च आणि पुनर्विनियोजनाच्या आदेशांच्या प्रती.
- सध्या चालू असलेल्या प्रत्येक निवाऱ्याचा पत्ता, क्षमता आणि मागील बारा महिन्यांची महिनावार मुक्कामसंख्या.
- चालवणाऱ्या संस्थेसोबतचा करारनामा आणि अदा केलेल्या देयकांच्या तारखा.
- बेघर सर्वेक्षणाच्या अंतिम अहवालाची प्रत.

तिसऱ्या प्रश्नातल्या ‘तारखा’ हा शब्द गाळू नका. रक्कम सगळेच सांगतात. बिल कधी सादर झालं आणि पैसे कधी मिळाले, यातल्या अंतरात खरी गोष्ट लपलेली असते.

उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांच्या शुल्कासह पहिलं अपील. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे; ते बेलापूरलाच आहे, पण नंबर लागायला वेळ लागतो. त्याआधी एक सोपी वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत अभिलेख पाहता येतात. जा, फाइल मागा, टिपण्या वाचा. अर्ज करून जे तीन महिन्यांत कळत नाही ते एका सोमवारी कळतं. शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवा, कारण समोरच्याला तो माहीत नसण्याची शक्यता दांडगी.

वेळ साधा

लोक अर्ज करतात जुलैत, पाऊस डोक्यावर कोसळत असताना. तोवर त्या वर्षाचा पैसा वाटून झालेला असतो.

खात्यांकडून पुढच्या वर्षाच्या मागण्या दिवाळीच्या आगेमागे गोळा होतात. त्यामुळे चालवण्याच्या खर्चाची मागणी ऑक्टोबरात समाजविकास विभागाच्या उपायुक्तांच्या टेबलावर हवी, प्रत मुख्य लेखा अधिकाऱ्यांना. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, मग स्थायी समिती, मग महासभा. त्या काळात आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला भेटा आणि एकच वाक्य द्या: अमुक क्रमांकाच्या शीर्षात इतके लाख वाढवा. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून बरीच वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. तेव्हा हे सगळं एकाच दालनात ठरायचं. सोपं होतं असं काहीजण म्हणतात. एका माणसाची बदली झाली की सगळं पहिल्यापासून, हे मी पाहिलंय.

पावसाळ्याची तात्पुरती सोय हे वेगळं प्रकरण, त्याचा अर्ज एप्रिलमध्ये. पावसाळापूर्व बैठका एप्रिल-मेमध्ये होतात, त्यात नालेसफाई, धोकादायक इमारती, संक्रमण शिबिरं यांची चर्चा असते. धोकादायक इमारतीतून काढलेल्या कुटुंबांसाठी शाळा, हॉल राखून ठेवलेले असतातच. त्याच यादीत बेघरांसाठी दोन हॉल घालून घ्या. आपत्ती व्यवस्थापन विभागाला सांगायचं ते एवढंच: ज्याला घरच नाही त्याच्या घरात पाणी शिरत नाही, म्हणून तो तुमच्या पंचनाम्यात कधीच येत नाही.

‘ऐनवेळी पैसा कुठून आणायचा?’ असं उत्तर आलं तर दोन गोष्टी जवळ ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये जीवितास धोका असलेल्या आकस्मिक प्रसंगी तातडीची कारवाई करण्याचे अधिकार आयुक्तांना आहेत. आणि करोनाच्या टाळेबंदीत, २८ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून अडकलेल्या स्थलांतरितांच्या आणि बेघरांच्या तात्पुरत्या निवाऱ्यावर, जेवणावर खर्च करायला मुभा दिली होती. ती सोय टाळेबंदीपुरती होती, हे खरं. पण शाळांचे वर्ग चार दिवसांत निवारे झाले होते, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय.

जागा

ठाण्यात विकास आराखड्यातली आरक्षणं, सुविधा भूखंड, बंद पडलेल्या पालिका शाळा, मोकळे समाजमंदिर हॉल यांची यादी मालमत्ता विभागाकडे असते. नवी मुंबईत आधी विचारा की जमीन कुणाची: महापालिकेची, सिडकोची की एमआयडीसीची. बरेच भूखंड सिडकोकडेच असतात, आणि महापालिका ‘हस्तांतरण झालेलं नाही’ म्हणाली की त्या वाक्यात दोन वर्षं सहज जातात. नव्या भूखंडाच्या मागे न लागता आधीच पालिकेच्या ताब्यात असलेली इमारत शोधा, असा माझा सल्ला. पुलाखालच्या जागेला सगळे नाकं मुरडतात, पण तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांची सिग्नल शाळा भरते आहे. तिथली मुलं पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांतलीच. कुटुंबांसाठी निवारा मागताना हे उदाहरण द्या, आणि आईबाप एका हॉलमध्ये, मुलं दुसरीकडे अशी वाटणी कुणी सुचवली तर तिथल्या तिथे नाही म्हणा. ती कुटुंबं पहिल्याच रात्री परत पुलाखाली जातात.

शेजारच्या सोसायटीचा विरोध येणार. येणारच. त्यांना आधी भेटा, कामाचा आदेश निघण्याआधी. त्यांची खरी काळजी बहुधा शौचालयाची आणि दारूची असते. दोन्हींची उत्तरं तुमच्याकडे तयार हवीत.

चालवणारी संस्था

पालिका स्वारस्य अभिव्यक्ती (काम करायला तयार असलेल्या संस्थांचे प्रस्ताव) मागवते, संस्था निवडते, करार करते. तुम्ही स्वतः चालवायचं ठरवलंत तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी तयार ठेवा. कागदांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे हातात किमान सहा महिन्यांच्या पगाराइतका पैसा. पालिका खर्च झाल्यावर बिलाचे पैसे देते, आगाऊ नाही. आमच्या ओळखीच्या एका संस्थेचं बिल मुक्कामाच्या नोंदवहीत सही ऐवजी अंगठे आहेत म्हणून परत आलं होतं. लिहिता न येणाऱ्या माणसाने सही कशी करायची, यावर खात्याने कार्यालयीन पत्रव्यवहार केला. काळजीवाहकांचे पगार पाच महिने थकले. त्यातला एकजण तरीही रोज रात्री येत होता, त्याला विचारलं तर म्हणाला, ‘मी नाही आलो तर म्हातारे बाहेर राहतील ना.’ असल्या माणसांच्या जिवावर योजना चालवू नये.

करारात तीन कलमं घालून घ्या: बिल सादर झाल्यापासून ठरावीक दिवसांत निम्मी रक्कम तरी अदा होईल, अंगठा आणि तोंडी नोंद ग्राह्य धरली जाईल, आणि ओळखपत्र नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवलं जाणार नाही. तिसरं कलम नसेल तर निवारा आधार कार्डवाल्यांचा होतो, आणि ज्याला आधारच नाही तो पुन्हा बाहेर. दर महिन्याची देखरेख समिती नेमतानाही निवाऱ्यात राहणारे दोघंजण तिच्यात असावेत, असा आग्रह धरा.

महापालिका काहीच ऐकत नसेल तर राज्यस्तरीय निवारा देखरेख समितीकडे लिहा. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा समित्यांची वाट उघडली.

आणि आज रात्रीच कुणी भेटलं तर

निवाऱ्याचं अंदाजपत्रक होईल तेव्हा होईल. आजारी माणूस दिसला तर १०८. एकटं मूल असेल तर १०९८, बाई अडचणीत असेल तर १८१, वृद्ध असतील तर १४५६७, बाकी कशालाही ११२. मानसिक आजाराने भटकणाऱ्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० हेच सांगतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय असल्यामुळे ‘कुठे नेऊ?’ हा प्रश्न इथल्या पोलिसाने तरी विचारू नये. कलमाचा क्रमांक मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पोलीस ठाण्यात उभं राहून वाद घालताना आठवत नाही.

अर्जाचा नमुना

प्रति, मा. आयुक्त. विषय: सन … च्या अंदाजपत्रकात शहरी बेघर निवारा चालवण्यासाठी महसुली तरतूद करणेबाबत. महोदय, आम्ही दि. …, … व … रोजी रात्री केलेल्या मोजणीत … प्रभागात एकूण … बेघर व्यक्ती आढळल्या, पैकी महिला …, बालके …, वृद्ध …. मा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकषानुसार आपल्या शहरात … निवारे अपेक्षित असून सध्या … कार्यरत आहेत. लेखाशीर्ष क्र. … मध्ये गतवर्षी रु. … तरतूद असूनही प्रत्यक्ष खर्च रु. … झाला आहे. ५० व्यक्तींच्या एका निवाऱ्याचा वार्षिक खर्च सोबतच्या तक्त्यानुसार रु. … येतो. तरी त्यानुसार तरतूद करावी, तसेच जून ते सप्टेंबर या काळासाठी … येथील सभागृह तात्पुरता निवारा म्हणून उपलब्ध करून द्यावे, ही विनंती.

एक पान, त्यामागे खर्चाचा तक्ता आणि मोजणीचा नकाशा. दोन प्रती काढा. एक आवक-जावक कक्षात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का पुसट उठला तर परत मारून मागा. पुढे अपिलात तोच क्रमांक विचारतात.